कासवाला अंगण देताना

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात कासवं दत्तक मिळतात, आणि ती देणारं खातं सरकारी आहे. राज्याच्या ‘गेम अँड फिश’ खात्याकडे किंवा टूसॉनच्या अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमकडे अर्ज करायचा, आपल्या परसाचे फोटो द्यायचे, कासवासाठी बांधलेलं बीळ दाखवायचं आणि सगळं पसंत पडलं की सोनोरा वाळवंटातलं एखादं प्रौढ कासव घरी आणायचं. घरी आणायचं म्हणजे घरात मात्र नाही. या कासवाची जागा बाहेर, उन्हात आणि मातीत असते. बारा महिने, दिवसरात्र.

फीनिक्स, चँडलर, टूसॉन या भागांत चिपचे कारखाने आणि विद्यापीठं यांच्यामुळे बरीच मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. मागे परस असलेलं घर घेतलं की मुलं प्राण्यासाठी हट्ट धरतात. कुत्र्याला रोज फिरवायला वेळ नसतो, मांजराची कुणाला ॲलर्जी असते, आणि मग कुणीतरी कासव सुचवतं: भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही, महिनोन्महिने झोपूनच असतं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही कासव सांभाळणं सोपं आहे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कासवाचं काम रोज थोडं असतं, पण ते येण्याआधी पुष्कळ असतं, आणि ते चाळीस-पन्नास वर्षं संपत नाही.

रान बंद झालेली कासवं

दत्तक मिळणारं कासव रानातून पकडून आणलेलं नसतं. रानातलं वाळवंटी कासव उचलून घरी नेणं अ‍ॅरिझोनात बेकायदा आहे. ही कासवं आधीच माणसांत वाढलेली असतात. कुणाचे मालक वारले, कुणी गाव बदललं, कुणी फाटक उघडं राहिल्याने रस्त्यावर आलं आणि त्याला शोधत कोणी आलंच नाही. बरीचशी परसातच जन्मलेली असतात. पाळलेल्या वाळवंटी कासवांची पैदास करायलाही कायद्याने बंदी आहे, तरी नर-मादी एकत्र ठेवली जातात आणि दरवर्षी पिल्लं होतात. ऐंशी वर्षं जगलेली एक मादी आयुष्यभरात आठशेच्या वर पिल्लं देऊ शकते, असा खात्याचाच हिशेब आहे. त्यामुळे कासवं फार आणि घरं कमी, अशी अवस्था कायमची आहे.

मग त्यांना रानातच का सोडत नाहीत, हा कुणालाही पडणारा प्रश्न. मुख्य कारण रोगाचं. माणसांत राहिलेल्या अनेक कासवांच्या श्वसनमार्गात ‘मायकोप्लाझ्मा’ नावाचे जिवाणू असतात. त्यांच्यामुळे नाक वाहतं, पापण्या सुजतात, कासव खंगत जातं. वरून धडधाकट दिसणारं कासवही तो रोग बाळगून असू शकतं, आणि नाकाला नाक लागलं की दुसऱ्याला देऊ शकतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात या श्वसनरोगाने आजारी कासवं मोठ्या संख्येने आढळली. मोहावीतल्या कासवांना १९९० मध्ये केंद्रीय कायद्याने ‘धोक्यात आलेली’ म्हणून संरक्षण मिळालं, त्यामागच्या कारणांत हा रोगही होता.

दुसरं कारण कुळीचं. कोलोरॅडो नदीच्या दोन्ही अंगांची वाळवंटी कासवं एकाच जातीची, असं दीर्घकाळ समजलं जात होतं. २०११ मध्ये नदीच्या पूर्वेची आणि दक्षिणेची कासवं वेगळ्या जातीची म्हणून नोंदली गेली आणि कासवांचे अभ्यासक डेव्हिड मोराफ्का यांच्या स्मरणार्थ त्या जातीला ‘गोफेरस मोराफ्काय’ हे नाव मिळालं. परसांतल्या कासवांत या दोन्ही जातींची सरमिसळ झालेली आहे. कुठलं कासव मूळचं कुठलं, हे पाहून सांगता येत नाही. असं कासव रानात सोडलं तर रानातल्या कासवांचाच घात होतो, म्हणून सोडायलाही बंदी आहे.

म्हणजे या कासवाचा रानात परतण्याचा रस्ता कायमचा बंद झालेला असतो, तोही त्याच्या कुठल्याही दोषाशिवाय. त्याला रानाने जे दिलं असतं ते आपल्या परसात उभं करून देणं, हे पालकाचं काम. पुढे बिळाची, चाऱ्याची, पाण्याची जी माहिती येते, तिच्यामागे हीच एक जबाबदारी आहे.

आधी बीळ, मग कासव

सोनोरा वाळवंटातलं कासव डोंगरउतारावर, खडकांच्या सांदीत आणि चुनखडीसारख्या घट्ट थराखालच्या कपारीत राहतं. आयुष्याचा बहुतेक काळ ते आत असतं. सकाळ-संध्याकाळ थोडं बाहेर येतं, चरतं, पुन्हा आत जातं. बाहेरची उष्णता त्याला सोसत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीराचं तापमान आतून राखता येत नाही. सावलीत जाऊन किंवा उन्हात येऊनच ते सांभाळावं लागतं. कासवाच्या शरीराचं तापमान चाळिशी ओलांडू लागलं की त्याच्या जिवावर बेततं. फीनिक्समध्ये २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सियसच्या वर गेला होता. अशा गावात बिळाशिवाय कासव ठेवणं म्हणजे त्याला मारणंच.

म्हणून खातं आधी बीळ पाहतं. प्लास्टिकचं किंवा लाकडी कुत्र्याचं घर इथे चालत नाही, ते दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. बीळ मातीचं हवं. उंचवट्यावर जागा निवडायची, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती, त्यांवर जाड प्लायवूडचं छत, छतावर पाणी न झिरपणारा कागद आणि त्यावर फूटभर मातीचा थर. हा मातीचा थरच सगळं काम करतो. जमिनीच्या पृष्ठभागावर दिवसा-रात्रीच्या तापमानात जो प्रचंड फरक पडतो, तो जसजसं खाली जावं तसतसा कमी होतो. दुपारी बाहेर अंग भाजत असताना आत बरंच गार असतं आणि जानेवारीच्या पहाटे बाहेर गारठा असताना आत ऊब असते. बीळ तीन-चार फूट आत जाणारं, कासवाला आत वळून तोंड बाहेर करता येईल इतकं रुंद आणि तळाशी साधी माती असलेलं असावं. दाराचं तोंड पश्चिमेला नको. दुपारचं ऊन थेट आत येतं. कासव आणण्याआधी तापमापी आत ठेवून भर दुपारचे आकडे पाहून घ्यावेत.

बिळाइतकंच कुंपण महत्त्वाचं. फीनिक्सच्या परसांना बहुधा ब्लॉकची भिंत असतेच, पण फाटकाखाली फट असते, आणि कासव नेमकी तीच शोधून काढतं. पलीकडचं दिसणारं जाळीचं कुंपण असेल तर ते जाळीला नाक लावून दिवसभर फेऱ्या मारत राहतं, थकतं, उन्हात अडकतं. म्हणून जाळीचा खालचा दीड-दोन फूट भाग फळी किंवा विटांनी झाकावा. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला वेगळं, भक्कम कुंपण हवं. जमिनीवरचं कासव पोहू शकत नाही, पाण्यात पडलं की बुडतं. पायऱ्या आणि उंच कठडेही धोक्याचे. कासव चढायला भितं, असं वाटतं, पण ते हट्टाने चढतं, पडतं आणि उलटं होतं. उन्हात उलटं पडलेलं कासव सरळ होऊ शकलं नाही तर काही वेळातच मरतं.

आणि कुत्रा. शांत स्वभावाचा, वर्षानुवर्षं कुणाला न चावलेला कुत्राही कासवाची पाठ हाडूक समजून चघळतो. कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे. बरगड्या आणि कणा त्याला जोडलेले असतात, वरचा थर केराटिनचा आणि खाली जिवंत हाड असतं. चावलं की कासवाला दुखतं, रक्त येतं, जंतुसंसर्ग होतो. कवचाला भोक पाडून दोरी बांधणं किंवा ते रंगवणं याच कारणाने क्रूरपणाचं आहे. घरात कुत्रा असेल तर कासवाचा भाग पक्का वेगळा करावा, किंवा कासव आणूच नये.

पहिले काही आठवडे

नवं आलेलं प्रौढ कासव पहिले काही दिवस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतं. एक तर बिळात जाऊन बसतं आणि बाहेर पडत नाही, खात नाही. नाही तर भिंतीच्या कडेकडेने सारखं फिरत राहतं, कोपरा ढोसत राहतं, पुन्हा फिरतं. पालक घाबरतात. पण वाळवंटी कासवाला त्याचं रान पाठ असतं: कुठे बीळ, कुठे पाणी साचतं, कुठली झुडपं. ओळखीचा मुलूख एका दिवसात नाहीसा झाला, तर ते त्याचाच शोध घेत असतं.

अशा वेळी सगळं परस एकदम मोकळं करून देऊ नये. बिळाच्या भोवती फळ्यांचा छोटा वाडा करावा, त्यात थोडी सावली, थोडं ऊन, चारा आणि पाण्याचं उथळ भांडं. दिवस कलू लागला आणि कासव बाहेरच असेल, तर त्याला हळूच बिळाच्या तोंडाशी ठेवावं. काही दिवसांत ते स्वतःहून आत जाऊ लागतं. मग वाडा काढायचा. उचलताना दोन्ही हातांनी, आडवं, जमिनीला समांतर धरावं. दिवसातून दहा वेळा पाहुण्यांना दाखवायला उचलू नये. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम ढिला पडू देऊ नये.

याच काळात सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठून एकदा तपासणी आणि विष्ठेची चाचणी करून घ्यावी. कासवाचं वजन करून तारखेसह लिहून ठेवावं आणि पुढे दर महिन्याला करावं. प्रौढ वाळवंटी कासवाची पाठ साधारण २० ते ३८ सेंटिमीटर लांब असते आणि वजन चार ते सात किलोंच्या आसपास. ते कधीच तक्रार करत नाही, त्यामुळे त्याची तक्रार आकड्यांतून ओळखावी लागते.

नर की मादी, हेही पाहून घ्यावं. नराचं पोट मागच्या बाजूला आत खोलगट असतं, गळ्याखालचं शिंगासारखं टोक लांब असतं, शेपटी मोठी असते. मादीचं पोट सपाट असतं. एकटीच आणलेली मादी अंडी घालू लागली तर चकित होऊ नये. मादी नराचं बीज शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकते, आणि त्या अंड्यांतून पिल्लंही निघू शकतात. अशा वेळी खात्याला कळवून त्यांचा सल्ला घ्यावा. सोबत हवी म्हणून दुसरं कासव आणणं मात्र टाळावं. दोन नर एकमेकांना उलटं पाडेपर्यंत भांडतात, नर-मादी असतील तर पिल्लं होतात, आणि दोन माद्यांतही रोग पसरू शकतो. ही कासवं एकटीच राहतात. एकटेपणाचं दुःख आपलं आहे, त्याचं नाही.

पाणी

वाळवंटातल्या प्राण्याला पाणी लागत नाही, हा गैरसमज घातक आहे. अ‍ॅरिझोनात जून ते सप्टेंबरमध्ये ‘मान्सून’ असतो. आपल्यासारखा दिवसेंदिवस कोसळणारा नव्हे, तर दुपारनंतर एकदम धुळीचा लोट आणून धडाधड पडून जाणारा. त्या सरींवर कासवं बिळातून बाहेर येतात आणि खळग्यात साचलेलं पाणी पितात. काही कासवं जमिनीत उथळ खळगी उकरून ठेवतात. मग ते पाणी मूत्राशयात साठवलं जातं. शरीराच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी कासव असं बाळगू शकतं, आणि कोरड्या महिन्यांत तेच परत शरीरात शोषून घेतं. कचरा युरेटच्या पांढऱ्या, लगद्यासारख्या रूपात बाहेर टाकला जातो, म्हणजे पाणी वाया जात नाही. रानातलं कासव पाहिलं तर उचलू नका, असं हे खातं कळकळीने सांगतं, त्याचं कारण यातच आहे. घाबरलेलं कासव मूत्राशय रिकामं करतं आणि त्याची महिन्यांची शिदोरी क्षणात जमिनीवर सांडते.

परसात यासाठी एक उथळ, खरबरीत तळाचं भांडं जमिनीत समतल पुरावं. कासव आत चालत जाईल आणि चालतच बाहेर येईल इतकं उथळ. पाणी रोज बदलावं, कारण कासव त्याच पाण्यात घाण करतं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा कोमट पाण्याच्या टबात हनुवटीपर्यंत पाणी ठेवून वीस मिनिटं बसवावं. पाणी पिताना पाहण्यासारखं असतं. ते मान लांब करतं, तोंडासकट नाक पाण्यात बुडवतं आणि उघड्या डोळ्यांनी गप्प उभं राहतं. हलतं ते फक्त गळ्याचं सैल कातडं, आत-बाहेर, मिनिटभर, दोन मिनिटं. तहान भागली की डोकं वर येतं, नाकातून दोन थेंब गळतात, आणि बऱ्याचदा त्याच पाण्यात तो पांढरा लगदा पडतो. हा लगदा मऊ असला म्हणजे बरं. वाळूसारखा खरखरीत आणि कोरडा असेल तर कासवाला पाणी कमी पडतं आहे. दुर्लक्ष केलं तर मूत्राशयात खडे होतात.

दूर्वा, जास्वंद आणि फड्या निवडुंग

चाऱ्याची यादी वाचताना मराठी माणसाला ओळखीचे चेहरे भेटतात. अ‍ॅरिझोनाच्या हिरवळींवर सर्रास असणारं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. कासवाचा तो रोजचा घास. रानात त्याला फार आवडणारं ग्लोबमॅलो हे नारिंगी फुलांचं झुडूप जास्वंद आणि भेंडीच्या कुळातलं. परसात ते लावता येतं, आणि जास्वंदीची फुलं, पानंही कासव खातं. तुतीची पानं चालतात. आणि फड्या निवडुंग. दख्खनच्या बांधांवर पसरलेला हा निवडुंग मूळचा अमेरिकेचाच. तिथे त्याची पानं आणि बोंडं कासवाच्या जेवणात असतात. कासवाला दात नसतात, चोचीसारखा कडक जबडा असतो. निवडुंगाच्या पानावर ते पुढचा पाय रोवतं, कडेत जबडा घालतं आणि मान मागे खेचून लचका तोडतं. पिकलेलं बोंड खाल्लं की तोंड, गळा, पुढचे पाय लाल रसाने माखतात. नवखे पालक रक्त समजून डॉक्टरांकडे धावतात.

तत्त्व एवढंच: तंतू भरपूर, कॅल्शियम भरपूर, प्रथिनं आणि साखर कमी. कुत्र्या-मांजरांचं खाणं, चीज, मांस, ब्रेड, भात, पोळी यांतलं काहीही देऊ नये. फळं अगदी क्वचित. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फारसं काही नसतं. पालकात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम शरीराला मिळू देत नाही, म्हणून पालक रोज नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेणी ठेवावी, कासव हवी तेव्हा कुरतडतं. पण कॅल्शियम पचायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीवर थेट पडणाऱ्या उन्हातून तयार होतं. काचेतून आलेल्या उन्हात त्यासाठी लागणारे अतिनील किरण जवळजवळ उरत नाहीत. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत वाढलेल्या कासवांची हाडं मऊ पडतात, कवच वेडंवाकडं होतं. प्रौढ वयात आलेल्या कासवाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे दिसले तर ते त्याच्या बालपणीच्या निगेचे व्रण समजावेत. आता ते मिटत नाहीत, पण पुढची निगा तरी नीट होऊ शकते.

अंगणातली विषारी झाडं आधीच काढावीत. फीनिक्समध्ये कुंपणाला कण्हेर लावण्याची फार मोठी पद्धत आहे, आणि कण्हेरीचं प्रत्येक पान, फूल, काडी विषारी आहे. घाणेरी म्हणजे लँटाना, आणि बकाणाची फळं, तीही घातक. गवतावर तणनाशक किंवा कीटकनाशक मारायचं नाही, गोगलगायींचं औषध टाकायचं नाही. खिळे, प्लास्टिकचे तुकडे, रंगीत खडे वेचून टाकावेत, कारण कासव ते गिळतं.

हिवाळ्याची झोप

ऑक्टोबर लागला, रात्री गार होऊ लागल्या की कासवाची भूक मंदावते. ते बाहेर कमी येतं, ऊन खात बसतं, मग एक दिवस बिळात जातं आणि बाहेर येत नाही. ही शीतनिद्रा मार्चच्या आसपासपर्यंत चालते. हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, अन्न पचवण्याची क्रिया जवळजवळ थांबते. म्हणूनच झोपेच्या आधी दोन-तीन आठवडे चारा बंद करायचा असतो. पोटात अन्न राहिलं तर ते पचत नाही, सडतं. पाणी मात्र शेवटपर्यंत द्यायचं, टबातली अंघोळही. बिळाच्या तोंडाशी फळी लावून गारठा आणि हिवाळी पाऊस अडवावा. बीळ ओलं होऊ देऊ नये.

आत साधारण ५ ते १३ अंश सेल्सियस तापमान बरं. त्याहून उबदार जागेत कासव धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही. साठवलेली चरबी मात्र खर्च होत जाते. महिन्यातून एकदा हळूच बाहेर काढून वजन करावं. वजनात थोडी घट स्वाभाविक, मोठी घट म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. आजारी, अशक्त, नाक वाहणाऱ्या कासवाला झोपू देऊ नये. त्याला घरात उबदार जागेत, दिवे आणि उष्णतेच्या सोयीसह जागं ठेवावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायला हवं. सप्टेंबरच्या अखेरीस आणलेल्या कासवाला नव्या जागेत खाऊन-पिऊन तयारी करायला वेळच मिळत नाही, म्हणून वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणलेलं बरं.

दुखण्यांपैकी काही चिन्हं प्रत्येक पालकाला पाठ हवीत. नाकातून बुडबुडे, सुजलेल्या पापण्या, तोंड उघडून श्वास घेणं, भर उन्हाळ्यात खाणं सोडणं, मऊ पडलेलं कवच, रात्री बिळात न जाता उघड्यावर पडून राहणं. यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. आयव्हरमेक्टिन हे कुत्र्यांना आणि गुरांना सर्रास दिलं जाणारं जंताचं औषध कासवाला जीवघेणं ठरतं. हे एकच उदाहरण पुरेसं आहे की कासवाचा डॉक्टर कासवाचाच असावा लागतो.

महाराष्ट्रातल्या अंगणांत

हे सगळं वाचून आपल्या पुण्या-नाशिकच्या बागेतही एखादं कासव असावं, असं वाटू शकतं. आपल्याकडच्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, घरात धातूचं असतं, आणि जिवंत कासव पाळलं तर भरभराट होते अशी समजूतही आहे. तीच समजूत स्टार कासवाच्या मुळावर आली आहे. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आग्नेय भारत आणि श्रीलंका इथे राहणारं हे सुंदर कासव पिशव्यांत, बॅगांत, कपड्यांत गुंडाळून देशाबाहेर नेलं जातं. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करण्यासाठी त्याला ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. भारतात ते पाळणं, विकणं, विकत घेणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अ‍ॅरिझोनासारखी सरकारी दत्तक योजना इथे नाही. म्हणजे दुकानात किंवा मोबाइलवर कुणी ‘दत्तक’ म्हणून स्टार कासव देऊ केलं तर ते चोरीचंच, हे धरून चालावं.

घरात आधीपासून असं कासव असेल किंवा रस्त्यावर सापडलं, तर ते नदीत किंवा तळ्यात सोडू नये. जमिनीवरचं कासव पाण्यात बुडून मरतं. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. लाल कानाचे स्लायडर ही पाण्यातली विदेशी कासवंही गावच्या तलावात सोडू नयेत. ती तगतात आणि आपल्याकडच्या पाणकासवांचं खाणं आणि जागा बळकावतात.

दत्तक घ्यायची परवानगी जिथे आहे, तिथल्या मराठी घरांनी अर्जावर सही करण्यापूर्वी वयाचा हिशेब मांडावा. वाळवंटी कासव पन्नास ते ऐंशी वर्षं जगतं, चांगल्या निगेत त्याहूनही जास्त. पस्तिशीतल्या माणसाने पंचवीस वर्षांचं कासव आणलं, तर माणूस ऐंशीचा होईल तेव्हा कासव सत्तरीत असेल, आणि कदाचित अजून चरत असेल. कंपनी बदली करते, व्हिसा बदलतो, माणसं कॅलिफोर्नियात किंवा परत कोथरूडला जातात. कासव राज्याबाहेर नेता येत नाही. मूल कॉलेजला दुसऱ्या राज्यात जाईल तेव्हा अंगण कोण झाडेल, निवडुंग कोण लावेल, ऑक्टोबरात बिळाला फळी कोण लावेल, हे प्रश्न त्या दिवशी विचारून चालत नाहीत.

म्हणून दत्तकाच्या कागदांसोबत आणखी एक कागद तयार ठेवावा. त्यावर कासवाच्या वजनाच्या नोंदी, डॉक्टरांचं नाव, चाऱ्याची यादी, बिळाचा आराखडा आणि आपण नसू तेव्हा त्याला कोण घेईल, त्या माणसाची आधी विचारून घेतलेली संमती असावी. कुणी कबूल होत नसेल, तर खात्याला परत करण्याची तजवीज लिहून ठेवावी. घराच्या मृत्युपत्रात दागिन्यांची वाटणी असते, तशी या कासवाचीही एक ओळ असायला हवी. त्याला रान परत मिळणार नाही. निदान पुढचं अंगण तरी ठरलेलं असावं.